रातकिड्याचं पीठ आणि हलालचा शिक्का

(आपल्या बॅचच्या स्नेहसंमेलनात दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू दुबईला नक्की काय करतोस ते एकदा नीट सांग. इतकी वर्षं झाली, आम्हाला फक्त 'खाण्याच्या कंपनीत आहे' एवढंच माहीत." वीस मिनिटं दिली आणि वर बजावलं की पगार, सोनं आणि बुर्ज खलिफा सोडून काय ते बोल. तेव्हा मी आज किड्यांवर बोलणार आहे. जेवणं अजून व्हायची आहेत याची मला कल्पना आहे. पण विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या टेबलावर येऊन पडला.

माझं काम साधं आहे. बाहेरून जो खाण्याचा माल येतो, म्हणजे बिस्किटं, सॉस, चीज, गोठवलेली कोंबडी, त्याचे कागद मी बघतो. पुड्यावर काय छापलंय, त्यात काय घातलंय, ते इथे चालतं का, अरबी लेबल बरोबर आहे का. माल बंदरात लागण्याच्या आधी हे सगळं व्हावं लागतं, कारण एकदा कंटेनर अडकला की रोजचं भाडं चढत जातं आणि शेवटी माल परत पाठवा नाहीतर नष्ट करा, एवढेच दोन रस्ते उरतात. आमच्या कंपनीत मला कोणी अधिकारी म्हणत नाही. 'नाही म्हणणारा माणूस' म्हणतात.

युरोपने २०२१ साली पहिल्यांदा एका किड्याला अधिकृतपणे माणसाचं अन्न म्हणून परवानगी दिली. ती पिठातली पिवळी अळी. आपल्या आया गव्हाच्या पिठाचा डबा उन्हात ठेवायच्या ते असल्याच मंडळींना हाकलायला. त्याच वर्षी टोळ आला, २०२२ मध्ये घरगुती रातकिडा आला, आणि जानेवारी २०२३ मध्ये रातकिड्याचं चरबी काढलेलं पीठ. हे पीठ पाव, बिस्किटं, पास्ता, प्रोटीन बार अशा बऱ्याच पदार्थांत ठराविक प्रमाणात घालायला मुभा मिळाली. यात विचित्र काही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१३ साली मोठा अहवाल काढला होता, त्यात जगभर १९०० हून जास्त जातींचे किडे खाल्ले जातात असं म्हटलं आहे. आपल्याच देशात ओडिशाच्या सिमिलीपालच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोणी काय खावं यावर नाक मुरडण्याचा हक्क निदान आपल्याला नाही, आपण बोंबील वाळत घालतो तेव्हा घाटावरचे पाहुणे कसे बघतात ते आठवा.

तर अशात आमच्याकडे एका युरोपीय पुरवठादाराचा प्रस्ताव आला. रातकिड्याच्या पिठाचे प्रोटीन बार आणि पास्ता. विक्री विभागातला आमचा एक पोरगा, पुण्याचा, हुशार, रोज जिमला जाणारा, तो नुसता पेटला होता. मला म्हणाला, "काका, प्रोटीन ते प्रोटीन. पिठात साठ टक्क्यांच्या वर प्रथिनं आहेत. पाणी कमी लागतं, जागा कमी लागते. आणि बघा, हलालचं सर्टिफिकेटसुद्धा जोडलंय." मालकही खूश. त्यांना फक्त माझी सही हवी होती.

आधी प्रथिनांचं सांगतो, कारण विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. प्रयोगशाळेत प्रथिनं सरळ मोजत नाहीत. पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. आता किड्याच्या कवचात कायटिन असतं, त्यातही नायट्रोजन असतो, पण ते काही प्रथिन नव्हे. त्यामुळे आकडा फुगतो. संशोधकांनी अख्ख्या किड्यासाठी ४.७६ हा गुणक सुचवला आहे. म्हणजे पुड्यावरचे साठ, खरे पंचेचाळीसच्या आसपास. तेही काही कमी नाहीत, डाळीपेक्षा बरेच वर आहेत. पण त्या पोराला मी म्हटलं, "बाबा रे, साठ म्हणून विकू नकोस."

आता सर्टिफिकेट. ते मी तीनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की कारखान्यात डुकराचा कुठलाही अंश नाही, मद्यार्क वापरलेला नाही, यंत्रं स्वच्छ आहेत. सगळं खरं असेल. पण रातकिडा स्वतः हलाल आहे की नाही, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हतं. माझ्या धंद्यात ही गोष्ट फार वेळा दिसते. स्वयंपाकघर सोवळ्यातलं आहे याचा दाखला असतो, पातेल्यात काय शिजतंय याचा नसतो. शिवाय हलालचा दाखला देणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. त्यातली कोणती संस्था माल जिथे उतरणार त्या देशाच्या यादीत आहे, हे पाहावं लागतं. ही संस्था यादीत नव्हती.

मग पातेल्यात काय आहे ते बघू. मी मौलवी नाही. आपल्या मोहल्ल्यात वाढलो, लहानपणी खतीबांच्या हाताखाली शिकलो तेवढंच. पण वर्षानुवर्षं हे कागद वाचून थोडं कळायला लागलं आहे.

इस्लाममध्ये जमिनीवरच्या किड्या-मुंग्यांना एकत्र 'हशरात' म्हणतात, आणि बहुतेक मजहबांत ते खायला मनाई आहे. अपवाद एकच, टोळ. मासा आणि टोळ या दोघांना जबह करावं लागत नाही, ते मेलेले असले तरी चालतात, असं पैगंबरांच्या हदीसमधून आलेलं आहे. हनफी, शाफई, हंबली हे तिन्ही मजहब साधारण इथेच थांबतात. मालिकी मजहब मात्र वेगळं सांगतो. किडा अपायकारक नसेल आणि अल्लाहचं नाव घेऊन, खाण्याच्या हेतूने मारला असेल, तर चालेल. गंमत म्हणजे कुवेत आणि अमिरातीतली जुनी घराणी बरीचशी मालिकीच.

आपण कोकणी मुसलमान शाफई. उरलेल्या हिंदुस्थानातले बहुतेक हनफी. त्यामुळे बाहेरचे पाहुणे आले की कोळंबीवरून आपल्याकडे दर वेळी वाद होतो, तुमच्यातल्या अनेकांनी लग्नाच्या पंगतीत ऐकला असेल. हनफींमध्ये कोळंबीला मासा मानायचं की नाही यावर मतभेद आहेत. आपल्याकडे समुद्रातलं ते आपलं, प्रश्न मिटला. आता सरांना विचारा, कोळंबी आणि रातकिडा यांचं नातं काय? दोघेही सांधेपाद प्राणी. सांगायचं तर चुलतभावंडं. म्हणून तर युरोपात किड्याच्या पदार्थावर लिहावंच लागतं की कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असलेल्यांनी जपून. दोघांच्या स्नायूत ट्रोपोमायोसिन नावाचं एकसारखं प्रथिन असतं. शरीराला दोघांत फरक कळत नाही. शरियतला कळतो, कारण ती शरीररचना पाहत नाही, प्राणी कुठून आला ते पाहते. समुद्राची शिकार वेगळी, जमिनीचा किडा वेगळा. आमच्या पुण्याच्या पोराला हे अजिबात पटलं नाही. तो म्हणाला, "हे लॉजिकल नाही." मी म्हटलं, "तुझ्या घरी संकष्टीला साबुदाणा चालतो, गहू चालत नाही. कुठलं लॉजिक?" तो हसला आणि गप्प बसला. पण त्याचा राग गेला नाही, आणि का जावा? त्याची तीन महिन्यांची मेहनत होती, वर्षअखेरचं कमिशन होतं. त्याच्या बहिणीचं लग्न त्या डिसेंबरात होतं, हेही मला माहीत होतं.

म्हणून मी नुसतं नाही म्हणून मोकळा झालो नाही. दुसरे रस्ते शोधले.

पहिला रस्ता इंडोनेशिया. तिथले मुसलमान आपल्यासारखेच शाफई. तिथल्या उलेमा परिषदेने २००० साली रातकिड्यावर निर्णय दिला होता की हा टोळाच्या जातीतला प्राणी आहे, अपाय होत नसेल तर पाळायला, खायला, विकायला हरकत नाही. त्याच परिषदेने २०११ साली कोचिनियल या किड्यापासून निघणारा लाल रंगही हलाल ठरवला. म्हणजे मामला मिटला? नाही. २०२३ मध्ये पूर्व जावातल्या नाहदतुल उलमाच्या शाखेने त्याच रंगावर उलट मत दिलं. एक देश, एक मजहब, दोन मतं. आणि आमचा माल जकार्ताला जायचा नव्हता, दुबईला उतरायचा होता.

दुसरा प्रकार इथला नियम. फेब्रुवारी २०२३ मध्ये कतारच्या सार्वजनिक आरोग्य मंत्रालयाने जाहीर निवेदन काढलं की आखाती देशांच्या हलाल मानकांप्रमाणे किडे, किंवा त्यांच्यापासून काढलेली प्रथिनं आणि पूरकं, चालत नाहीत. ते मानक कतारचं एकट्याचं नाही, आखाती देशांचं एकत्र आहे. मालिकी मजहबाची सवलत दाखवून मी इथल्या अधिकाऱ्यासमोर वाद घालायला बसलो असतो तर त्यांनी मला चहा पाजला असता आणि फाईल परत दिली असती.

त्याच सुमारास व्हॉट्सअॅपवर लाट आली. युरोपच्या सगळ्या चॉकलेटांत, सगळ्या बिस्किटांत किडे घालतात म्हणे! आमच्या कार्यालयात फोनवर फोन. शारजाच्या एका किराणावाल्याने तर बिस्किटांची आख्खी ऑर्डर रद्द केली. मेनाबाजारातले एक गुजराती दुकानदार, जैन, ते घाबरून स्वतः आले. "भाई, मी वीस वर्षं तुमच्याकडून माल घेतो, खरं सांगा." मी त्यांना पुडा उलटून दाखवला. युरोपचा नियम असा आहे की किडा घातला असेल तर त्याचं लॅटिन नावासकट घटकांच्या यादीत लिहावं लागतं. रातकिडा असेल तर 'अॅचेटा डोमेस्टिकस'. चोरून घालायला परवानगी नाही, आणि ते पीठ गव्हाच्या पिठापेक्षा कितीतरी महाग आहे, चोरून घालून कोणाचा फायदा? हे त्यांना लगेच पटलं. व्यापारी माणूस, हिशेब कळतो.

पण ते जाता जाता म्हणाले, "आणि तो लाल रंग? ई १२०?" तेव्हा मात्र मला सांगावं लागलं की हो, तो किड्याचाच. पेरूमध्ये निवडुंगावर वाढणारा किडा वाळवून त्यातून काढतात, आणि कितीतरी वर्षांपासून गोळ्यांत, दह्यात, जेलीत घालतात. ते खुर्चीत परत बसले.

इथे एक सांगतो, कारण तुमच्यातले अर्धे शाकाहारी आहात. भारताच्या खाद्य नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या आहे, त्यात प्राणी, पक्षी, मासे, अंडी यांच्याबरोबर किड्यांचंही नाव आहे. पण त्यातून दूध, मध, मधमाशीचं मेण आणि शेलॅक वगळलं आहे. शेलॅक म्हणजे लाख, लाखेच्या किड्याने झाडावर टाकलेला स्राव. चमकदार गोळ्यांवर, औषधाच्या वड्यांवर त्याचा थर असतो. म्हणजे हिरवा ठिपका असलेल्या पुड्यातही किड्याचं काहीतरी पोटात जाऊ शकतं, कायद्याने. हलालमध्येही मध आणि बहुतेकांच्या मते शेलॅक चालतं. दोन वेगळ्या परंपरांनी रेघ जवळपास एकाच जागी ओढली आहे. किड्याने दिलेलं चालेल, किडा नको. मला हे फार आवडलं, ते दुकानदार मात्र नाराजच होते.

तिसरा रस्ता मला अब्बांमुळे सुचला. अब्बा कुवेतला होते हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, सुट्टीवर आले की तुम्हाला सेंटचा वास यायचा. ते सांगायचे की हिवाळ्यात पाऊस झाला की बाजारात टोळ विकायला यायचे, पोत्यात भरून, जिवंत. लोक घरी नेऊन मिठाच्या पाण्यात उकडायचे. अंड्यांनी भरलेल्या मादीला भाव जास्त. अब्बांनी एकदा चाखले होते. म्हणायचे, "आपले सोडे असतात ना, तसेच. जरा गवताचा वास." अम्मी ऐकून तोंडाला पदर लावायची.

तर मी पुरवठादाराला लिहिलं, रातकिडा सोडा, टोळ आहे का? युरोपात टोळालाही परवानगी आहे. आणि टोळ म्हटलं की चारही मजहबांत मान्य, निदान तत्त्वाने. मालिकींना त्यातही मारण्याचा हेतू आणि नाव लागतं, तेवढं सोडलं तर. इथल्या नियमात त्याला स्वतंत्र मंजुरी मागावी लागली असती, पण दार ठोठावायला निदान जागा होती. पुण्याचा पोरगा पुन्हा जागा झाला. त्याने नावंसुद्धा काढली.

मी तीन प्रश्न पाठवले. टोळ पाळलेला की पकडलेला? हे महत्त्वाचं, कारण टोळधाडीवर कीटकनाशक फवारतात. २०२० साली विदर्भात, अमरावती-नागपूरकडे टोळधाड आली तेव्हा फवारणीचे बंब रात्रीचे फिरत होते, तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. तसा टोळ हलाल असूनही खायच्या लायकीचा नसतो. उत्तर आलं, पाळलेला. छान. त्याला खायला काय घालता? युरोपात पाळीव किड्यांना शेण किंवा हॉटेलातलं खरकटं घालायला बंदी आहे, तरी विचारलं. उत्तर आलं, गहू आणि गवत. तेही छान. तिसरा प्रश्न, टोळ ज्या चक्कीत दळता तिच्यात आणखी काय दळता?

यावर उत्तर यायला दोन आठवडे लागले. रातकिडे आणि अळ्या. चक्की एकच. मधे धुतो म्हणाले.

गावात पिठाची गिरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय सांगू. ज्वारीनंतर गहू दळायला टाकला की पहिलं पायलीभर पीठ करडं येतं. मी लिहिलं, वेगळी चक्की, वेगळी चाळण, वेगळं पॅकिंग आणि इथल्या यादीतल्या संस्थेकडून तपासणी, एवढं झालं तर मी पुढे पाठवतो. त्यांनी हिशेब करून कळवलं की एवढ्याशा बाजारासाठी परवडत नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच म्हटलं असतं. किड्यांच्या धंद्यात युरोपातल्या मोठमोठ्या कंपन्याच पुढे आर्थिक अडचणीत आल्या, तिथे दुसरी चक्की कोण बसवणार.

मालक दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की 'फक्त मुस्लिमेतरांसाठी' असा वेगळा कप्पा दुकानात असतोच की, तिथे ठेवू. या एका मुद्द्यावर मी थोडा आवाज चढवला. तो कप्पा डुकराच्या मांसासाठी आहे, त्याला परवाना आहे, वेगळी खोली आहे, दारावर पाटी आहे, आत जाणाऱ्याला माहीत असतं आपण कुठे जातोय. प्रोटीन बार गल्ल्याजवळ ठेवतात. तो उचलणारा माणूस कोण असतो? दहा तास बांधकामावर उभा राहिलेला पेशावरचा, सिल्हेटचा, आपल्या खेड-चिपळूणचा पोरगा. बारीक अक्षरातलं लॅटिन तो वाचत नाही. तो शिक्का बघतो. त्या शिक्क्यावर भरवसा ठेवून तो परमुलखात निर्धास्त जेवतो, आणि तो भरवसा आमच्या मालाच्या बाकी चारशे वस्तूंवर पण आहे. मालक स्वतः कष्टातून वर आलेले आहेत. त्यांनी प्रस्ताव परत पाठवला. पोराला त्यांनी त्या वर्षी दुसऱ्या मालाचं खातं दिलं, तुर्कस्तानच्या सुक्या अंजिरांचं, आणि बहिणीच्या लग्नाला तो आठ दिवस सुट्टीवर गेला. मला लाडू आणले होते.

आता हा विषय संपला असं वाटेल, पण किडा मागच्या दाराने आलेलाच आहे. युरोपने सप्टेंबर २०२१ पासून कोंबड्यांच्या खाद्यात किड्यांची प्रथिनं घालायला परवानगी दिली. माशांच्या खाद्यात तर २०१७ पासूनच. आता प्रश्न असा, किड्याच्या पिठावर वाढलेली कोंबडी हलाल का? मी हा प्रश्न सुट्टीत आपल्या खतीबांना विचारला. ते खळखळून हसले. "अरे, तुझ्या आजीच्या परसातली कोंबडी दिवसभर काय टिपत होती? बासमती?" खरं आहे. किडे खाणं हा कोंबडीचा धर्मच आहे. अडचण वेगळी आहे. जे जनावर मुख्यतः घाणीवर पोसलेलं असतं त्याला 'जल्लाला' म्हणतात, ते कापण्याआधी काही दिवस, कोंबडीला साधारण तीन दिवस, स्वच्छ खाद्यावर बांधून ठेवायचं असा जुना नियम आहे. म्हणजे कोंबडीने किडा खाल्ला का, हा प्रश्नच नाही. त्या किड्याने काय खाल्लं, हा आहे. युरोपात त्यावर बंधन आहे, मघाशी सांगितलं. सगळ्या जगात नाही.

म्हणून सध्या मी कोंबडी पुरवणाऱ्यांना जी प्रश्नावली पाठवतो, तिच्यात एक ओळ वाढवली आहे: खाद्यात कीटक प्रथिन असल्यास, त्या कीटकांना कोणते खाद्य दिले? काही जण लगेच उत्तर देतात. काही जण विचारतात, तुम्हाला कशाला हवंय? एकाने तर उत्तराच्या जागी आपल्या हलाल सर्टिफिकेटची प्रत पुन्हा पाठवली. त्यांना मी आठवणपत्र टाकलं आहे, परवाच, इथे यायला निघण्याआधी.

बाई घड्याळाकडे बघताहेत, दहावीत बघायच्या तशाच. थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर पंगतीत विचारा, पण कोळंबी पानात वाढून झाल्यावर.